शिवलीला काय म्हणत होती

बसवनगुडीतल्या एका दवाखान्यात कस्तुरी कान तपासायची. पुण्याची मुलगी, यंत्राने दाखवल्याशिवाय स्वतःला भूक लागली हेही कबूल करणार नाही, असं सगळे तिला चिडवत. त्या दुपारी आनेकलहून महांतेश आला. बहिरेपणाचा दाखला हवा होता. साध्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी सहा महिने इंजेक्शनं घेतली होती. क्षय गेला, पण जाताना कान घेऊन गेला.

"अक्का, एक सांगू?" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलायचा. "बायको तापानं गेली माझी. शिवलीला. शेवटच्या दिवशी सारखं कायतर म्हणत होती बघा. मला ऐकू येईना. ओठबी धड हलत नव्हते तिचे. मी आपला हात धरून ‘सरी, सरी’, बरं बरं, करत बसलो. काय म्हणत होती, तेवढं कळलं असतं तर..."

कस्तुरीला फार वाईट वाटलं. तिने वहीवर लिहून दाखवलं, ‘औषधाने कानातल्या बारीक पेशी मेल्या आहेत. त्या परत येत नाहीत.’

त्याने मान हलवली.

तपासणीच्या खोलीचं जाड दार लागलं तसा रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज तुटला. स्पिरिटचा आणि जुन्या गालिच्याचा कोंदट वास तेवढा राहिला. तिने त्याच्या उजव्या कानात यंत्राचं रबरी टोक बसवलं. यंत्र कानात टिकटिक सोडतं. पेशी जिवंत असतील तर त्या स्वतः बारीकसा आवाज परत करतात आणि टोकातला माइक तो टिपतो. मेलेल्या पेशी काही परत करत नाहीत. माइकचे हेडफोन तिने कानांना लावले.

पडद्यावर सपाट रेघ. हे ठरलेलंच होतं. तिने टिकटिक बंद केली.

तेव्हा रेघ हलली.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला. कस्तुरीने चमकून महांतेशकडे पाहिलं. तो गुपचूप बसला होता. मग अगदी जवळून, सुकलेल्या घशातून, बाईचा आवाज आला.

"पाणी... पाणी द्या की हो..."

कस्तुरीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. ती पाणी मागत होती! आणि हा बिचारा दिवसभर तिचा हात धरून ‘सरी’ म्हणत बसला होता.

"काय झालं अक्का? तोंड का असं झालं तुमचं?"

हे त्याला कुठल्या तोंडाने लिहून दाखवायचं? तिने पेन उचललं, ठेवलं. शेवटी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"मला तहान नाही," म्हणत त्याने तो मांडीवर धरला.

हेडफोनमध्ये घटाघटा पिण्याचा आवाज सुरू झाला. अधाशी, श्वासही न घेता... महांतेशने पेल्याकडे पाहिलं. त्याने तो ओठांना लावलाही नव्हता, तरी पाणी खाली खाली जात होतं. तळ दिसला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कस्तुरी भिंतीला टेकून उभी होती. तिने वहीवर अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"आणखी..." हेडफोनमध्ये आवाज आला.

"देतो की," महांतेश हलकेच म्हणाला, आणि त्याने रिकामा पेला कस्तुरीपुढे धरला.