शेजारच्या सीटवरचा पेला

खोटंच सांगायचं असतं तर मी अमावस्येची रात्र घातली असती, चार कुत्री रडवली असती. पण हे घडलं भर दुपारी. मागच्या जानेवारीत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, पुएर्तो देसेआदो या आमच्या बंदराच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर.

आणि घडलं ते माझ्या सख्ख्या आतेभावाच्या बाबतीत. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं. मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेलो नाही.

एव्हारिस्तो त्याचं नाव. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. अंगाने दांडगा, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर यायचं. त्याची बायको नेलिदा त्याआधीच्या मे महिन्यात गेली. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. मूलबाळ नाही.

मागे राहिला तो आणि त्याची जुनी पांढरी स्टेशन वॅगन.

घर त्याला खायला उठायचं. म्हणून दुपारचं जेवण झालं की गाडी काढायचा, हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. तिथे काम काही नाही. वाटेत बघायलाही काही नाही... काटेरी झुडपं, तारेचं कुंपण आणि वारा.

पूर्वी याच रस्त्याने दोघं जायची. तो चालवायचा आणि नेलिदा शेजारी बसून, मांडीवर थर्मास धरून, येर्बा पाजायची. तो पानांचा कडू काढा गाडी चालवता चालवता एकट्याला पिता येत नाही. पेला भरून द्यायला शेजारी माणूस लागतं. एक पेला भरणाऱ्याने स्वतः प्यायचा, मग त्याच पेल्यात पुन्हा गरम पाणी ओतून चालवणाऱ्याला द्यायचा. पेल्यातल्या नळीतून शेवटचा घोट सुर्र करून वाजला की पेला रिकामा. मग पुन्हा पहिल्यापासून.

नेलिदा गेल्यावर एव्हारिस्तोने थर्मास गाडीत ठेवलाच नाही. कुणासाठी ठेवणार?

जानेवारीत गाडीला आवाज सुरू झाला.

हूंऽऽ... हूंऽऽ...

वेग वाढवला की आवाजही वाढायचा.

आमचा जुन्या गाडीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात अर्धे लोक सल्ला देतात आणि उरलेले त्या सल्ल्याला नावं ठेवतात. एव्हारिस्तोने चालत्या गाडीतला आवाज रेकॉर्ड करून तिथे टाकला.

"टायर पुढचे मागे करून बघ," एक जण म्हणाला.

"त्यापेक्षा गाडीच बदलून बघ," दुसऱ्याने टोमणा मारला.

मग झुल्माचा निरोप आला. झुल्मा कालेता ओलिविया शहरात टॅक्सी चालवते. ग्रुपमध्ये नवीनच आली होती. एव्हारिस्तोला तिने कधी पाहिलेलं नव्हतं, त्याच्या घरचं तिला काहीएक ठाऊक नव्हतं.

"चाकाचं बेअरिंग वाटतंय रे. पण नीट ऐकूच येत नाही. पुढच्या वेळी वहिनींना सांग, जरा वेळ पेला खाली ठेवा म्हणावं. नुसतं सुर्र सुर्र चाललंय!"

ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना नेलिदा गेल्याचं ठाऊक होतं.

मीही ती क्लिप लावली. चाकाची घरघर. वाऱ्याचा आवाज. आणि मग...

पाणी ओतल्याचा आवाज.

मग... सुर्र.

मी क्लिप पुन्हा लावली. पुन्हा तेच.

थोड्या वेळाने एव्हारिस्तोचं उत्तर आलं. "गाडीत मी एकटाच होतो."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. फोन टेबलावर ठेवला, क्लिप लावली.

"तुला येतंय ऐकू?"

"हो."

"माझी थट्टा करत असशील तर बघ."

"अरे, असल्या गोष्टीची थट्टा करेन का मी?"

त्याने फोन कानाला लावला, डोळे घट्ट मिटले. मला टेबलाच्या पलीकडून तो आवाज येत होता. माझ्या बायकोला ओट्यापाशी उभं राहून येत होता. त्याला चाकाच्या घरघरीशिवाय काही म्हणजे काही येत नव्हतं.

"मलाच का नाही रे?" तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर ब्रेडची टोपली सरकवली. त्याने तिला हात लावला नाही.

त्यानंतर तो रोज नवीन क्लिप टाकायला लागला. ग्रुपमध्ये ऑइल आणि प्लगच्या गप्पाच बंद पडल्या. सगळे ऐकायचे आणि सगळ्यांना ऐकू यायचं. एकदा तर कुणीतरी बाई हलकेच खाकरली. नेलिदाच ती. पंचवीस वर्षं ओळखत होतो मी तिला.

झुल्माला खरं काय ते कळल्यावर बिचारी कानकोंडी झाली. तिने एव्हारिस्तोला फोन करून माफी मागितली. मग मूळ स्वभावावर आली.

"बरं, गाडीचं बोल. चालवताना हलकेच डावीकडे घे. आवाज वाढला तर पुढचं उजवं चाक समज."

"घेऊन पाहिलं. वाढतो."

"मग बेअरिंग गेलंय. गाडी उभी कर बाबा. एखाद दिवशी चाक अडकलं की त्या माळावर उलटा पडशील. कुत्रं नाही विचारायचं."

एव्हारिस्तोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झुल्मा, तो आवाज सुरू झाला आणि तेव्हापासूनच ती यायला लागली. बेअरिंग बदललं आणि ती यायची थांबली तर? मी तर अजून तिला एकदाही ऐकलेलं नाही गं."

झुल्माने डोळे पुसले. तिनेच मला तसं सांगितलं, आणि ती काही हळवी बाई नाही. गिऱ्हाइकांशी भांडण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही.

"असं कर," ती म्हणाली. "उद्या चालवताना मला फोन लाव. मी ऐकते आणि एकेक गोष्ट तुला सांगते. पण त्यानंतर गाडी सरळ मेकॅनिककडे. कबूल?"

"कबूल."

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. शब्दाला शब्द जुळला.

ऊन रखरखत होतं. गाव मागे पडलं तरी थोड्या अंतरापर्यंत फोनला रेंज असते. एव्हारिस्तोने फोन समोर डॅशबोर्डवर टेकवून ठेवला होता. तिकडे झुल्मा स्टँडवर, आपल्या टॅक्सीच्या काचा वर करून, फोन कानाला लावून बसली होती.

"काही येतंय का?"

"थांब... नाही अजून."

हूंऽऽ... हूंऽऽ...

"आलं. टोपण उघडलं थर्मासचं."

एव्हारिस्तोने मान वळवून शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी. पट्टा जागच्या जागी लटकलेला.

"पाणी ओतलं... आता पितेय ती." झुल्मा कुजबुजत होती. "सुर्र झालं. पुन्हा ओतलं..."

"मग?"

"मग काही नाही. एकदम शांत."

"काही नाही म्हणजे?"

"अरे, रोजच्या क्लिपमध्ये हेच आहे. आपल्या लक्षात नाही आलं. स्वतःचा पिते, दुसरा भरते आणि थांबते. बराच वेळ थांबते. मग पाणी बाहेर फेकून दिल्यासारखा आवाज येतो, की पुन्हा पहिल्यापासून." झुल्मा जरा थांबली. "एव्हारिस्तो, दुसरा पेला तुझा आहे. ती हातात धरून बसलीय."

एव्हारिस्तोला रस्ता दिसेनासा झाला. इतके दिवस ती पेला पुढे करत होती आणि हा गधडा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढे बघत बसला होता.

त्याने शेजारच्या सीटकडचा उजवा हात सोडला. रस्त्यावरची नजर न काढता बाजूला धरला, पूर्वी धरायचा तसा.

हाताला काही लागलं नाही.

ऊब नाही. वजन नाही. काहीच नाही.

तरी त्याने बोटं मिटली, मूठ तोंडाशी आणली आणि ओठ पुढे करून श्वास आत ओढला. तोंडात नुसती धूळ गेली.

आणि तिकडे फोनवर झुल्माला ऐकू आलं...

सुर्र.

मोठा, पुरुषी घोट. शेवटच्या थेंबापर्यंत.

"प्यायलास!" झुल्मा किंचाळलीच. "प्यायलास रे तू! आला आवाज!"

एव्हारिस्तो लहान मुलासारखा रडायला लागला. त्याने मूठ परत शेजारी नेली, हळूच उघडली. मन इतकं भरून आलं होतं की कधी नाही ते बोलून गेला.

"आभारी आहे गं, नेलिदा. फार आभारी आहे."

हूंऽऽ... हूंऽऽ...

"झुल्मा? आता काय करतेय ती?"

झुल्मा बोलेना.

"झुल्मा!"

"टोपण लावलं," ती म्हणाली. "थर्मासचं टोपण... फिरवून घट्ट लावलं."

एव्हारिस्तोने कचकन ब्रेक मारला.

आमच्याकडे येर्बाचा पेला परत करताना कुणी आभार मानत नाही. ज्याने मानले त्याला पुरे झालं, आता नको, असाच त्याचा अर्थ. मग भरणारा त्याला पुन्हा विचारत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. एव्हारिस्तोने आख्ख्या संसारात बायकोचे कधी आभार मानले नव्हते ते त्याचमुळे. त्याला नेहमी अजून एक हवा असायचा.

भर रस्त्यात गाडी उभी करून तो रिकाम्या सीटला सांगत राहिला. "चुकून बोललो गं. नको म्हणालो नाही मी. अजून एक दे. एकच दे." वाऱ्याने गाडी हलत होती. झुल्मा फोन कानाला लावून ऐकत होती आणि तिला फक्त त्याचाच आवाज येत होता.

त्यानंतर काही नाही. बेअरिंग बदलायला त्याने साफ नकार दिला. रोज जायचा, रोज क्लिप टाकायचा. शेवटी एक दिवस चाक इतकं तापलं की धूर निघाला, तेव्हा कुठे मेकॅनिककडे नेली. आता गाडी ठणठणीत आहे. तरी त्याच्या क्लिप येतातच. कुणीतरी लिहितं, "काही दोष नाही एव्हारिस्तो, मस्त चालतेय." दुसऱ्या दिवशी तो नवीन क्लिप टाकतो.

पुरावा मागू नका. जुन्या क्लिप माझ्याकडे आहेत, पण आता त्यांतही चाकाची घरघरच आहे. पाणी नाही, घोट नाही, खाकरणं नाही. माझ्याकडे, झुल्माकडे, कुणाकडेच नाही. हे कसं झालं ते मला विचारू नका. मला माहीत नाही.

मीही बायकोला घेऊन लांबच्या रस्त्याने जातो. ती पेला भरते, पुढे करते. मी घेतो, पितो, परत देतो. परवा अशीच दुपार होती. तिने आपल्या रुमालाने माझ्या हनुवटीवर सांडलेला थेंब पुसला आणि आभाराचा शब्द अगदी माझ्या ओठांवर आला.

मी जीभ चावली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "अजून एक भर."