पाण्याची रेघ

पुसायची एवढी घाई कशाची असते तुम्हाला? माणूस गेलं की महिन्याच्या आत भिंतींना रंग, आणि वर म्हणायचं, घर कसं नवं वाटतंय.

अश्फाकनंही तेच केलं होतं. २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा तो दोह्यात रंगकाम करत होता. बहीण तसनीम माडीवर पोचली. आई कोंबड्या सोडवायला खाली उतरली, ती वर आलीच नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गढूळ रेघ राहिली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी चिखलाच्या एका हाताचा ठसा. करंगळी वाकडी, आईचीच. त्यापुढे एकही नाही. तसनीमनं फोटो पाठवला, तर अश्फाकनं फोनवरूनच सांगितलं, रंग मारून घे. तेव्हापासून तो हात त्याला रोज हवासा वाटे.

आज दोह्यातल्याच अल दुहैल भागातली एक रिकामी व्हिला रंगवायची होती. तिथल्या हेल्गाबाई गेल्याच आठवड्यात कायमच्या जर्मनीला परतल्या होत्या. मागे तो दार रंगवायला आला, तेव्हा त्या आपल्या गावाबद्दल बोलत बसल्या होत्या. पुढे मोझेल नदी, मागे उभ्या चढावर द्राक्षमळे. वेली रोमन लोकांच्या वेळच्या. लढायांत गावाची वेस दोनदा जळली. लोकांनी ती बांधली आणि पुन्हा द्राक्षं तोडायला गेले. वेशीच्या दगडात प्रत्येक पुराची रेघ कोरलेली, खाली साल. नवी वाईन आली की पहिला घोट त्या रेघांवर शिंपडायचा.

"आमच्यात चहाच शिंपडावा लागेल, मॅडम," तो हसला होता.

बाई हसल्या नव्हत्या. "रेघ पुसायची नाही. पुसली की पाणी ती शोधत फिरतं."

दुपार भरली. रंगाचे दोन हात मारूनही जिन्याशेजारच्या भिंतीवर छातीच्या उंचीला ओला पट्टा उमटतच होता.

"पाइप फुटला आसंल," लातूरकडचा जोडीदार निवृत्ती म्हणाला. "मार अजून एक हात. यल्ला, चल लवकर, चारला साहेब येतोय." आणि तो वरच्या खोल्या बघायला गेला.

पण या भिंतीत पाइप नव्हता. आणि वास... वाळवंटात हा वास कुठून? भिजलेल्या भाताचा, शेणाचा, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या गाळाचा. भिंतीआड काहीतरी संथ डुचमळत होतं. मग पहिल्या पायरीशी, ताज्या पांढऱ्या रंगातून, हळूहळू पाच बोटं वर आली. करंगळी वाकडी.

"आई...?"

काम जाईल, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं ब्रश खाली ठेवला. पत्र्याच्या पात्यानं त्या ओल्या पट्ट्यावर रेघ खोल कोरली, खाली साल घातलं, २०२१. थर्मासमधला चहा ओंजळीत घेऊन तिच्यावर शिंपडला. डुचमळणं थांबलं. त्यानं आपला तळवा त्या हातावर टेकवला. गार होता. तळवा काढवेना.

तेवढ्यात वरून निवृत्तीचा आवाज आला.

"अश्फाकभाई, जिन्याच्या भिंतीला कुणाचे ओले हात लागलेत रे? पार वरपर्यंत आलेत."