धारेवर ‘येतो’ म्हणू नये

आमच्या शेताच्या बांधावरून एक अनोळखी माणूस पावलं मोजत चालला होता. दर शंभर पावलांना थांबून तो झुडपाला एक पांढरी चिंधी बांधत होता. मी पुंडीची भाजी खुडत होते. म्हटलं, हा आता जमीन मोजून नेतो की काय...

"काय मोजायलाव?" मी विचारलं.

तो दचकला आणि त्याचा आकडा चुकला. मग त्यानं सगळं सांगितलं. नाव जगदेवप्पा, गुलबर्ग्याच्या कचेरीत कारकून. श्रावणात आई, वहिनी आणि वहिनीची दोन पोरं हळ्ळीखेडला मामाकडे आली होती. येत्या सोमवारी सगळ्यांना डोंगरातल्या धारेवर, म्हणजे धबधब्यावर, न्यायचं होतं. आईचे गुडघे दुखत, म्हणून तो आधी एकटा येऊन वाट बघत होता.

"हितपर्यंत सातशे झाली," तो म्हणाला.

"तुमची का तुमच्या आईची?"

त्यानं आपल्या लांब टांगांकडे पाहिलं आणि हसला. ते हसू मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

आईच्या गुडघ्यांसाठी एवढी पायपीट करणारा पोरगा माझ्या अप्पांनाही आवडला. "निलम्मा, वाट दाखव," म्हणून त्यांनी मला पाठवलं आणि सोबत घरची म्हातारी लिंगम्मा दिली. वाटेत आम्ही बेत ठरवत गेलो. गाडी चिंचेपर्यंत जाईल. पुढे सपाट खडकावर आई बसेल. जेवण तिथंच करायचं, कारण वर शेवाळ आहे. पोरांचे हात कुणी धरायचे, तेही ठरलं. तो सगळं कचेरीतल्या सवयीनं उर्दूत उतरवून घेत होता. एक ओळ मात्र लिहून त्यानं पटकन कागद दुमडला.

"ते काय लिवलाव?"

"ते... सोमवारी सांगतो."

धारेजवळ गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की तिथं पाखरं नसतात. पाणी उंचावरून पडतं, पण आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा येतो. आपण बोललेला शब्द समोरचा कडा एकदा परत देतो.

निघताना मी आणि लिंगम्मा मोठ्यानं म्हणालो, "जाते." कड्यानं शब्द परत दिला. जाते.

जगदेवप्पाला ते रुचलं नाही. घरातून निघताना आपण कुणी ‘जाते’ म्हणतो का? "असं वंगाळ कामून बोलता?" म्हणत तो वळला, आणि मी तोंड उघडायच्या आत, पाहुण्याच्या रीतीनं त्यानं धारेला हात जोडले.

"येतो."

आम्ही थांबलो. शब्द परत आला नाही.

लिंगम्मा मटकन खाली बसली. मुलखात ही एकच जागा अशी, जिथं ‘येतो’ म्हणायचं नसतं. म्हटलं तर डोंगर तो शब्द ठेवून घेतो, आणि मग माणसाला यावं लागतं... एकट्यानं. तो शब्द दुसऱ्या माणसाला दिलेला असला, तर मात्र डोंगराला ठेवता येत नाही; पण कुणाला दिला, ते तिथंच उघड सांगावं लागतं. माझी सिद्धव्वा आत्या असंच सवयीनं ‘येते’ म्हणाली होती. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पुढच्या श्रावणात ती पाणी आणायला म्हणून गेली. कडेवरची घागर खडकावर सापडली, भरलेली. आत्या सापडली नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो हसला, पण या वेळी मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. ओळख जेमतेम एका दुपारची, आणि याला काही झालं तर आपलं कसं होईल, हाच विचार सारखा मनात येत होता.

रविवारी दुपारी तो आमच्या बांधावरून गेला. एकटा. हातात कागद नव्हता, आणि ऊन कडक असताना त्याचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते. मी हाक मारली, पण त्यानं मान वळवली नाही.

मी तशीच मागे धावले. त्यानं बांधलेल्या चिंध्या वाटेवर एकामागून एक दिसत होत्या. प्रत्येक चिंधीतून पाणी ठिबकत होतं.

तो धारेखालच्या डोहात मांड्यांपर्यंत उतरला होता.

"जगदेवप्पा!"

त्यानं मागे पाहिलं. मग पुढे पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही हितं... मग पुढं कोण हाय?"

"पुढं कोणीच न्हाई."

"तुमचाच आवाज हुता. ‘बा’ म्हणालाव." कानडीत ‘बा’ म्हणजे ये, आणि मानानं ‘बर्री’ म्हणजे या. तो अडखळला. "‘बर्री’ न्हाई म्हणालाव, ‘बा’ म्हणालाव. मला बरं वाटलं... म्हटलं, निलम्मा आता आपल्याला जवळचं समजायली."

"मी तुम्हाला ‘बा’ म्हणंन का? मोठ्या माणसाला?" मला रडू येत होतं आणि रागही. "त्या दिवशी ‘येतो’ म्हणालाव, ते कुणाला?"

पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं, आणि तो एक पाऊलही हलला नव्हता.

"खरं सांगा. कुणाला?"

"तुला," तो म्हणाला. "हात धारेला जोडले, पण मनात तू हुतीस. तुलाच म्हटलो... येतो."

कड्यानं शब्द परत दिला. येतो.

मी हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि बाहेर आला. मग हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

सोमवारी सगळं ठरल्यासारखं पार पडलं. गाडी चिंचेपर्यंत गेली. आई सपाट खडकावर बसली, आणि कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पोरांनी फस्त केलं. कागदावरची ती ओळ त्यानं मला वाचून दाखवली: ‘आईला निलम्मा दाखवायची.’ त्याच्या आईनं मला जवळ बसवलं, गुडघे चोळून घेतले आणि आमच्यासोबत आलेल्या अप्पांना म्हणाली, "पोरगीसाठी येतो आम्ही, दसऱ्याच्या आत." अप्पा हसले. मी मान खाली घातली, पण कान तिकडेच होते.

निघताना मी धारेजवळ, आत्याची घागर सापडली होती त्या खडकावर एक भाकरी ठेवली. बारा वर्षं आत्याचा शब्द तिथं अडकून पडला होता, आणि तो सोडवायला कुणी आलं नव्हतं. आज तिला एकटीला मागं ठेवून जाववेना.

"आत्या, तुझ्या वतीनं मी म्हणते," मी म्हणाले, आणि मोठ्यानं हाक दिली, "जाते!"

कड्यानं माझा आवाज परत दिला. जाते.

कडा एकदाच बोलतो, हे आता जगदेवप्पालाही ठाऊक होतं. थोडा वेळ गेला. मग पाण्यामागून, माझ्यासारख्याच पण थकलेल्या आवाजात, कुणीतरी हळूच म्हणालं...

"जाते."