सूर्यबंबाचं कोमट पाणी

"बंब पेटवा! आणि ते गच्चीवरचं भंगार आजच काढा!"

आण्णा न्हाणीघरातून गरजले. बादलीत पुन्हा कोमट पाणी! लीलानं कान झाकून घेतले. सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी हेच!

भंगार म्हणजे तिच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावानं, अप्पांनी, उद्यमनगरातल्या कारखान्यात रविवारी खपून बनवलेला सूर्यबंब. आधी पाणी असं तापायचं, की महिनाभर लाकडाची गाडी दारात आली नाही. तेवढे पैसे वाचले. मग एकाएकी काय बिघडलं कुणास ठाऊक! अप्पा रोज रात्री कंदील घेऊन नळ्यांचे सांधे तपासायचे, पाना आपटायचे आणि जेवायला बसायचे.

"संध्याकाळी जोतीराम भंगारवाला येतोय," आण्णांनी जाहीर केलं. अप्पांनी कारखान्यात जायला सायकल काढली.

लीला तरातरा गच्चीवर गेली. मागोमाग आण्णांचा मुलगा नृसिंह आणि शेजारचा कृष्णात.

"ह्याला विस्तव न्हाय, बटण न्हाय. पाणी तापतंय कसं?" कृष्णातनं विचारलं.

"किती वेळा सांगू! काचेखालचा काळा पत्रा उन्हानं तापतो. त्याला जोडलेल्या नळ्यांतलं पाणी तापून हलकं होतं, आपोआप वर टाकीत चढतं. गार पाणी खाली येतं. काच ऊब बाहेर जाऊ देत नाही."

"मग ऊन तर रग्गड हाय की!"

"तेच तर!" लीलानं वैतागून चौकटीवर बुक्की मारली. फटीतून काहीतरी टुणकन उडालं. नृसिंहानं ते उचलून हुंगलं आणि सटासट शिंकला.

मिरचीची बी!

"दुपारी टाकीमागं दबा धरायचा," लीला म्हणाली.

जेवणं झाली. जिना वाजला. पुढं आण्णांची बायको अक्का आणि मागं पोतं खांद्यावर घेतलेले खुद्द आण्णा!

"पसरा की! काच तव्यागत तापलीया. यंदाची चटणी बघा कशी व्हतीया!" अक्का म्हणाली.

बघता बघता सगळी काच लाल झाली. टाकीमागं लीला धुमसत होती. सकाळी जे भंगार, दुपारी तोच तवा!

नृसिंह ओरडणार, तोच तिनं त्याची कॉलर धरली. "गप! आपलं कोण ऐकणार? पाण्यालाच बोलू दे."

खाली घोरणं सुरू होताच पोरांनी सगळ्या मिरच्या गच्चीलगतच्या शेडच्या पत्र्यावर हलवल्या. "शिंकायचं नाही!" असं बजावता बजावता लीलाच शिंकली.

संध्याकाळी जोतीराम तराजू घेऊन दारात उभा. अप्पाही आले, सूर्यबंब सोडवायला पाना हातात, चेहरा उतरलेला.

"थांब, अंघोळ करतो, मग काढू," म्हणत आण्णा आत शिरले.

"मेलो! भाजलो!" पंचा सावरत आण्णा बाहेर!

लीलानं त्यांच्यापुढं मूठभर मिरच्या धरल्या. "आण्णा, काचेवर ह्या पसरल्यावर खालच्या पत्र्याला ऊन कुठलं?"

आण्णांनी अक्काकडं पाहिलं. अक्कानं चुलीकडं.

"मालक, मग मी न्यायचं काय?" जोतीरामनं विचारलं.

आण्णा खाकरले. "त्यो जुना बंब ने!" मग अप्पांना म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय रं तुझी."

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "मी रोज रात्री शोधत होतो," ते हळूच म्हणाले. "तू उन्हात शोधलंस."

आणि दुसरी कडकडीत बादली त्यांनी लीलासाठी काढली.