रिकामा मिक्सर

प्रेम आकाशाइतकं अथांग असतं. मात्र त्या आकाशाखाली घर कुठे घेतलंय, यावर बरंच अवलंबून असतं. धावपट्टीच्या टोकाशी घेतलं असेल, तर विमान जाईस्तोवर प्रेमालाही तोंड मिटून बसावं लागतं.

दातांची डॉक्टर अशाच गल्लीत राहायची. खाली दवाखाना, वर घर. तो पहिल्यांदा दारात आला तेव्हा नेमकं डोक्यावरून विमान चाललं होतं. तो काहीतरी सांगत होता. तिने खुर्ची दाखवली, त्याला 'आ' करायला लावलं आणि एक किडकी दाढ शोधूनही काढली. आवाज ओसरल्यावर कळलं, हा रुग्ण नव्हेच! विमानतळाचा माणूस. गच्चीवर आवाज मोजायचं यंत्र बसवायला आलेला.

"आता बसलोच आहे," तो म्हणाला, "तर दाढ भरूनच टाका."

गल्लीने त्याला नाव ठेवलं, आवाजवाला. विमानतळ आणि रहिवासी यांनी मिळून ठरवलं होतं, की काही दिवस विमानं गल्लीऐवजी तळ्यावरून वळवून बघायची. आवाज खरंच उतरला, तर तोच मार्ग कायम. आकडे बघायला आवाजवाला गच्चीवर यायचा. चहा व्हायचा. दाढ दाखवणं व्हायचं... दाढ केव्हाच भरून झाली होती.

आवाज उतरू लागला. तिचे बाबा कानातला कापूस काढून झोपू लागले. आणि तिची मात्र झोप उडाली. आवाज गेला की यंत्र जाणार. यंत्र गेलं की...

मग तिने वेड्यासारखं केलं. रोज सकाळी गच्चीत यंत्राशेजारी रिकामा मिक्सर फिरवू लागली.

उद्या बैठक, आणि आज संध्याकाळी तो गच्चीवर आला तो चेहरा पाडूनच.

"आकडे वाढलेत हो. हेच उद्या वाचले, तर नवा मार्ग रद्द."

तिला मिक्सर आठवला. सगळ्या गल्लीची झोप आपण मिक्सरमध्ये घालून वाटली!

"ते... विमान नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "मिक्सर होता. रिकामा."

त्याने आकड्यांच्या कागदावर पुन्हा नजर टाकली. मग सुटकेचा श्वास सोडत म्हणाला, "तरीच! मग ते आकडे वगळता येतील. कारण लिहू — घरगुती." आणि हळूच, "पण... लावलात कशाला?"

तेवढ्यात धावपट्टीवरून संध्याकाळचं धिप्पाड विमान उठलं. सवयीने दोघेही गप्प झाले. तिने मनाशी म्हटलं, हीच वेळ. गोंगाटात सांगून टाकू. ऐकू आलं तर आलं, नाही तर विमानाच्या नावावर!

डोळे मिटून, सगळा जीव गोळा करून ती ओरडली, "तुमचं येणं बंद होईल म्हणून! तुम्ही मला आवडता!"

विमान तळ्याकडे वळून गेलं होतं. मांजराच्या पावलांनी.

पटापट खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावर बाबा खोकले. आवाजवाल्याचे कान लालबुंद झाले.

"मग... यंत्राशिवाय आलो," तो पुटपुटला, "तर चालेल?"

ती यंत्रावरची धूळ झटकू लागली. समोरच्या खिडकीतल्या काकू मात्र खांद्यावरच्या नातवाला थोपटत म्हणाल्या, "अगं, चालेल म्हण की! पण जरा हळू म्हण बाई. बाळ आत्ताच कुठे झोपलंय."