सफरचंदांची खोली

"दादाला उद्या कोर्टात उभं करतायत, वहिनी. मित्राचा खून केला म्हणून!" मुकादमाची बहीण दारातच म्हणाली.

खाजगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. हक्काचा दीर मात्र एकच, सोबत हिंडणारे भाऊजी.

"उद्याच्या आत सुटेल," वहिनी उठल्या.

त्या सकाळी सफरचंदांच्या गोदामात, सहा महिने मोहरबंद असलेल्या खोलीत, फळं निवडणारा तरुण मरून पडला होता. पोलिसांच्या मते मुकादमानं बाहेरून दार दाबून त्याला गुदमरवलं. नखं मात्र शाबूत. दारावर एक ओरखडा नाही.

गोदामावर पोचताच वहिनींनी ती खोली पाहिली. कोपऱ्यात चुन्याच्या गोण्या. दाराच्या कडेला हवा अडवणारं ग्रीस, आरशासारखं नितळ.

"खोली परवाच उघडली," मालक म्हणाले. "दोन दिवस दार सताड उघडं होतं. आज दुपारी गिऱ्हाईक यायचं, म्हणून नमुना आणायला पाठवलं त्याला."

खोलीच्या दारासमोरच अंगणात पेट्या बनवणारा सुतार म्हणाला, "काल माझ्या चहावर साय नव्हती, भुसा होता! दोन दिवस करवत अखंड चालली. आज सुरू करायच्या आतच हे झालं."

"मी पेट्या रचत होतो," बेड्यांतला मुकादम पुटपुटला. "त्याची हाकसुद्धा आली नाही."

"गुदमरणारा माणूस गप्प कसा राहील?" भाऊजींनी विचारलं.

"तो गुदमरलाच नाही, भाऊजी." वहिनी फौजदारांकडे वळल्या. "छातीत तगमग उठते ती प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तोडलेली फळंही श्वास घेतात. त्यांनी खोलीतला प्राणवायू संपवला. सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्यानं गिळला. अशा हवेत फुफ्फुसं रक्ताला प्राणवायू देत नाहीत, उलट रक्तातला बाहेर सोडतात. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते, आणि शरीर साधी कुरकुरही करत नाही."

"पण दार परवापासून..."

"मग ग्रीस भुशानं माखलं असतं, मालक. तिथं एक कण नाही. दार आज उघडलंत. खोलीत ताजी हवा भरायला दोन दिवस लागतात. गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं."

मालकांनी कबूल केलं. "त्यानं विचारलं होतं, जाऊ का. मी मान डोलावली."

फौजदारांनी मुकादमाच्या बेड्या काढल्या. बहिणीनं त्याचा हात धरला, पण तो वहिनींकडेच पाहत होता.

"त्याला... काही कळलं असेल?"

"नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "आपण श्वास घेतोय, असंच त्याला शेवटपर्यंत वाटलं."