लिंबं सांडायची वेळ

पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझ्या हातात दात दिले.

खरंच सांगतो. त्या रस्त्यावर कंडक्टर म्हणून माझा पहिलाच दिवस होता. संध्याकाळची साडेसहाची गाडी, स्टँडच्या अगदी कडेच्या फलाटाला लागलेली. तिकिटं देऊन झाली, मी दाराशी आलो, बेलच्या दोरीला हात घातला... आणि मागे धप्प!

एका आत्याबाईंची पिशवी उलटली होती. लिंबं. सगळीकडे लिंबं! सीटखाली, पायरीवर, थेट ड्रायव्हरकाकांच्या पायापाशी.

"थांब रे पोरा, ब्रेकखाली एक गेलंय! गाडी हलली तर सरबत होईल!" आत्याबाई ओरडल्या.

सगळी गाडी वाकून लिंबं गोळा करायला लागली. मीही वाकलो. सगळी सापडली, म्हणून उठून उभा राहतो तर बाहेरून एक मुलगी धावत येतेय. एका हातात छत्री, एका हातात डबी, भुवईवर पांढरी भुकटी.

"धरा जरा," म्हणाली, आणि डबी माझ्या तळहातावर ठेवून दांडा धरून वर चढली.

डबीचं झाकण सैल होतं. उघडलं. आतून एक आख्खी बत्तीशी माझ्याकडे बघून हसत होती.

मी ओरडलो. आता लाज कशाला... मोठ्याने ओरडलो.

"घाबरता काय? अजून कोणाच्या तोंडात बसले नाहीत ते. चावणार नाहीत."

गाडी खो खो हसली. मी मुकाट्याने डबी परत दिली. डबी घेताना तिची नखं दिसली. नखांच्या कडांना गुलाबी भुकटी. लिंबाच्या वासाने भरलेली गाडी, बाहेर भुरभुर पाऊस, आणि ती गुलाबी नखं... मी डबल बेल द्यायचीच विसरलो. काकांनी हॉर्न मारून आठवण केली.

शहरात दातांची एक लॅब होती, तिथे ती कवळ्या बनवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्याच हातचे दात. त्या दिवशीची डबीही अशाच एका आजोबांची होती.

मग रोज तेच. म्हणजे रोज काहीतरी. गाडी सुटणार, की माशी शिंकलीच समजा. लिंबूआत्यांची पिशवी तर दिवसाआड उलटायची. ज्या दिवशी नाही उलटली त्या दिवशी गुरुजी. गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले, रोज शहरात वाचनालयात जाणारे.

"कंडक्टर, ही काच वर जात नाही. वारा कानात गेला की मला रात्रभर समुद्र ऐकू येतो."

काच वर करा. झाली? मग कोणाची तरी चप्पल फलाटावर राहिलेली. ती आणा. आणि हे सगळं आवरलं की बरोब्बर ती धावत यायची. रोज.

मी काकांना म्हटलं, "काका, आख्खं गाव धांदरट आहे हो."

काकांनी आरशात बघून नुसती मिशी हलवली.

गावात पोचलं की गाडी पंधरा मिनिटं थांबायची, मग परत शहर, मग दुसरीकडची फेरी. काका टपरीवर चहाला जायचे. मी थांब्यावरच्या बाकावर बसून पैशांचा हिशोब लावायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती घराकडे वळली, चार पावलं गेली आणि परत आली.

"तुम्ही हसता तेव्हा तोंडावर हात का ठेवता?"

"सवय आहे."

"खोटं. पहिल्या दिवशी नव्हती."

आता काय सांगू? ही बाई बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघतच नाही, सरळ दातांकडे बघते, हे मला कळलं होतं. तेव्हापासून मी तोंड मिटून जगत होतो.

"बघू," ती म्हणाली.

"काय बघू?"

"हसा."

सांगून कधी हसू येतं का? पण ती इतक्या गंभीरपणे वाकून बघत होती, की आलं.

"हं... पुढचे दोन जरा भांडलेत. एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत."

"मग? वाईट दिसतं?"

"नाही." ती सरळ झाली. "असे दात बनवता येत नाहीत. मी कितीदा बघितलंय करून. बनवलेले सगळे शहाण्यासारखे रांगेत बसतात..." आणि मग पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "जाते."

त्या दिवशी माझा हिशोब लागला नाही. दोनदा केला, दोन्ही वेळा वेगळा आला.

नंतर ती रोज बाकावर बसायला लागली. काकांचा चहा संपेपर्यंत. आम्ही काय बोलायचो? काहीही. तिचे बाबा शिंपी, हात आता थरथरतात, सुईत दोरा तीच ओवून देते आणि ते म्हणतात, मीच ओवला. माझी मोठी बहीण, फोनवर पहिला प्रश्न "जेवलास का" आणि दुसरा "मुलगी बघू का".

"मग काय सांगता तिला?" तिने छत्रीच्या टोकाने मातीत रेघ मारत विचारलं.

"जेवलो म्हणून सांगतो."

"आणि दुसऱ्याचं?"

"...काका आले," मी म्हणालो. खरंच आले होते. एवढ्या लवकर चहा पिणारा माणूस मी बघितला नाही.

आणि मग साहेबांनी बोलावलं.

डेपोचे साहेब तसे वाईट नव्हते, पण घड्याळाचे भक्त. "तुझी गाडी रोज दहा मिनिटं उशिरा सुटते. त्यामुळे पुढची फेरी बोंबलते. या गावाची हीच एक संध्याकाळची गाडी उरलीय. सुधारली नाही तर तीही काढून टाकतो. हा आठवडा बघणार."

मी सगळा राग गाडीवर काढला. दाराशी उभं राहून सांगितलं, "हे बघा, उद्यापासून गाडी वेळेवर. लिंबं मांडीत धरून बसायची. चप्पल पायात. नाहीतर गाडीच बंद होणार आहे, मग बसा चालत."

ती मागच्या सीटवर होती, तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काय सांगू! लिंबूआत्या शेळीसारख्या टुणकन चढल्या. गुरुजींनी काच स्वतः एका बोटाने वर केली. सगळे जागेवर, सगळं शांत. साडेसहाला गाडी फलाटावरून हलली.

जिंकलो, असं वाटायला हवं होतं. पण मागची सीट रिकामी होती. मी तिकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत सीटकडे बघितलं.

"रजेवर आहे ती आज," आत्या म्हणाल्या. मी विचारलंच नव्हतं. "बाबांना डॉक्टरकडे नेलंय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तोंड बघ की लेका. लिंबू चोखल्यासारखं झालंय."

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. आज ती नाही... आणि आज लिंबं सांडली नाहीत.

"आत्या," मी त्यांच्या शेजारी टेकलो. "ती पिशवी... तुम्ही मुद्दाम उलटता?"

आत्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बोलले ते मागे बसलेले गुरुजी.

"पूर्वी चार गाड्या होत्या आपल्याला. संध्याकाळची शेवटची सातला. मग पॅसेंजर नाहीत म्हणून दोन काढल्या, आणि शेवटची साडेसहावर आणली. पोरीची लॅब साडेसहाला सुटते. कवळी उकळत्या पाण्यात पक्की करतात, ते भांडं आपोआप निवावं लागतं. घाईने काढली की दातांना भेगा. मालक तिला आधी सोडणार कसा?"

"शहरात खोली घेतली तर पगार खोलीतच जाणार," आत्या म्हणाल्या. "दात कोरून पोट भरतं का? शेवटी नोकरी सोडायला निघाली होती. मी म्हटलं, सोडायची नाही. तुझी दहा मिनिटं आम्ही बघतो." मग जरा थांबल्या. "तीन वर्षं मी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली रे. आता लिंबू सालासकट खाते. तिच्यासाठी चार लिंबं सांडली तर काय बिघडलं?"

मी काकांकडे बघितलं. आरशात मिशी हलत होती. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

त्यानंतरच्याच दिवशी साहेब स्वतः फलाटावर हजर.

आत्यांनी पिशवी मोकळी सोडायच्या आत साहेबांनी ती उचलून वरच्या रॅकवर ठेवली. "मावशी, इथे सुरक्षित." गुरुजींच्या काचेला एक दणका दिला, ती मुकाट्याने वर गेली. सगळ्यांच्या चपला पायात होत्या. गावाकडे आता एकही युक्ती उरली नव्हती. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती.

"दे बेल," साहेब म्हणाले.

दोरी माझ्या हातात होती. ओढली की ती राहणार मागे. आज नाही तर उद्या नोकरी सोडणार. नाही ओढली, तर गाडीच जाणार सगळ्यांची.

"अरे दे ना!"

"साहेब, एक पॅसेंजर यायची आहे."

"एकीसाठी गाडी थांबते? तुझ्या मामाची आहे का?"

"साहेब, पुढची फेरी वेळेवर सुटली, तर चालेल ना तुम्हाला?"

"इथेच उशीर झाला तर ती कशी सुटेल?"

"गावात आमचा पंधरा मिनिटांचा थांबा आहे. तो काढून टाका. पोचलो की लगेच वळतो. इथून दहा मिनिटं उशिरा सोडा, परत वेळेवरच येतो."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं, काय देऊन टाकलं ते. पंधरा मिनिटं म्हणजे काय, ते त्या गाडीत फक्त मलाच माहीत होतं. म्हणजे मला असं वाटत होतं.

काका हळूच मागे वळले. "माझा चहा," ते म्हणाले. "लेका, मला न विचारता माझा चहा वाटून टाकलास."

मी हात जोडले.

"घ्या साहेब लिहून," काका पुढे वळले. "बायको थर्मास देईल भरून. कितीतरी दिवस मागे लागलीय, टपरीचा पिऊ नका म्हणून."

साहेबांनी कपाळावर आठ्या घातल्या. "एवढं साधं होतं, तर अर्ज का नाही केला कोणी?"

"तीन केलेत," गुरुजी म्हणाले. "तुमच्या टेबलावरच असतील. कपाखाली काय ठेवता ते एकदा बघा."

तेवढ्यात ती आलीच, छत्री, डबी, धाप. साहेबांना बघून पायरीवरच थबकली.

"हीच का?"

"हीच," आत्या म्हणाल्या. "हिने दात दिलेत म्हणून तर मला तुमच्यापुढे एवढं स्पष्ट बोलता येतंय!"

साहेब हसले. त्यांनाही हसता येतं हे मला नवीनच. "सोमवारपासून पावणेसात... नको, पाच मिनिटं आधी, सहा चाळीसला. काढ गाडी आता."

गाडीत नुसता कल्ला झाला. आत्यांनी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून, दोनदा. ती ऐकत होती, हसत होती. मग उठून माझ्यापाशी आली.

"गावातला थांबा गेला?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा."

"...अच्छा," ती म्हणाली. गुलाबी नखांचा हात दांड्यावर तसाच राहिला, माझ्या हाताच्या अगदी जवळ.

सोमवारी ती चालत आली. मी तिला पहिल्यांदाच चालताना बघितलं. रोज धावणारी मुलगी, आज सावकाश, भुवई पुसून. गुरुजींनी तिला खिडकीची जागा दिली. सगळे खूश. मीही खूश होतो, खोटं नाही सांगत. फक्त तो रस्ता मला फार लहान वाटला.

गाव आलं. सगळे उतरले. काकांनी गाडी वळवून घेतली, इंजिन चालूच. मी शेवटचं दारातून बघितलं, दोरीला हात घातला...

धप्प!

लिंबं. पायरीवर, सीटखाली, सगळीकडे. मी वैतागून बाहेर बघितलं, तर आत्या खाली रस्त्यावर उभ्या. दोन्ही हात रिकामे, आणि बत्तीशी सगळी बाहेर.

मागे वळलो, तर आत्यांची रिकामी पिशवी तिच्या हातात. ती उतरलीच नव्हती.

"अगं बाई," ती म्हणाली, "सांडली की..."

इतका वाईट अभिनय मी आयुष्यात बघितला नाही.

आम्ही दोघं सीटखाली वाकलो. पुढे थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आत्या ओरडल्या, "चाकाखाली एक गेलंय हो! हलवू नका!" गुरुजी परत चढले, "माझी छत्री राहिली वाटतं," म्हणाले, आणि दारातच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गुरुजींनी कधी छत्री आणलीच नव्हती.

"माझ्यासाठी आख्खं गाव रोज लिंबं सांडायचं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, आपणही कोणासाठी तरी सांडावीत एकदा."

"मला तू आवडतेस," मी म्हणालो. गुडघ्याखाली लिंबू होतं, डोकं सीटला लागत होतं. कुठे बोलायचं ठरवलं होतं आणि कुठे बोललो!

"माहितीये. म्हणून तर तुझी पंधरा मिनिटं देऊन टाकलीस."

"आपली होती ती."

"हो." ती पहिल्यांदाच 'हो' एवढं हळू म्हणाली. "मग रविवारी घेऊन ये परत. घरी ये. बाबांना सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंस?"

तिने एक लिंबू माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि वर थोपटलं.

"की पुढचे दोन दात भांडके आहेत, पण माणूस बरा आहे."

आणि उतरून गेली. मागे न बघता. मग बघितलं.

मी डबल बेल दिली. गाडी हलली, अख्खी रिकामी, अख्खी लिंबाच्या वासाची.

"सापडली का रे सगळी?" काकांनी आरशातून विचारलं.

मी खिशावर हात ठेवला. तोंडावर नाही ठेवला.

"नाही काका. एक राहिलंय. उद्या परत शोधावं लागेल."